वजनकाट्यावर न उमटणारे ओझे

वाचकहो, या सदरात आपण एरवी गुडघेदुखी, रक्तदाब, निद्रानाश अशा वार्धक्याच्या सोबत्यांविषयी बोलतो. आजचा विषय घरातील धाकट्या पिढीचा आहे, तरीही तो आपलाच आहे. आई-वडील दोघेही नोकरीस जाणाऱ्या घरात शाळेतून परतलेल्या नातवंडाला दार उघडणारे, त्याच्यापुढे खाण्याची ताटली ठेवणारे आणि त्याच्या चेहऱ्यावरचे भाव प्रथम टिपणारे माणूस म्हणजे बहुधा आजी किंवा आजोबा. त्या नातवंडाचे वजन वयाच्या मानाने फार वाढलेले असेल, किंवा मधुमेह, दमा, अपस्मार यांसारखा दीर्घकाळ सोबत राहणारा आजार त्याच्या वाट्याला आलेला असेल, तर औषध डॉक्टर देतील आणि पथ्य आहारतज्ज्ञ सांगतील. परंतु दिवसभरात त्या मुलाच्या मनावर जे ओरखडे उठतात, त्यांवर फुंकर घालण्याची पहिली संधी आपल्याला मिळते. आणि सांगण्यास संकोच वाटला तरी सांगावयास हवे, की कित्येकदा ते ओरखडे घरातूनच, आणि तेही मायेपोटी, उठलेले असतात.

एकाच तोंडून दोन आज्ञा

दुपारी चार वाजता नात शाळेतून येते. आजी म्हणते, "किती दमलीस गं! दोन लाडू खा, मग बाकीचे." रविवारी पाहुणे येतात. तीच आजी त्यांच्यादेखत म्हणते, "हिला सांगा हो तुम्हीच काहीतरी. अंगाने किती सुटली आहे पाहा. उद्या लग्न कसे व्हायचे हिचे?" आजीच्या मनात या दोन्ही वाक्यांमागे काळजीच आहे. नातीच्या कानी मात्र दोन परस्परविरोधी आज्ञा पडतात. खाल्ले नाही तर आजीचे मन दुखावते आणि खाल्ले तर पाहुण्यांसमोर मान खाली जाते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला या पेचातून बाहेर पडण्याचा एकच मार्ग दिसतो. तो म्हणजे कुणी पाहत नसताना खाणे आणि सर्वांसमोर भूक नसल्याचे सांगणे. लपून खाण्याची सवय बहुधा अशी सुरू होते. पुढे तिच्याशी लाज जोडली जाते आणि लाजेवर उतारा म्हणून पुन्हा खाणेच जवळचे वाटू लागते.

या दोन आज्ञांचे मूळ आपल्या पिढीच्या आठवणींत आहे, हे समजून घेतले तर स्वतःवर रागावण्याचे कारण उरत नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे बालपण वा तारुण्य १९७२ च्या दुष्काळातून गेले. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी, रोजगार हमीच्या कामांवर मिळणारी सुकडी, खडी फोडणारी माणसे हे सारे ज्याने पाहिले, त्याला मुलाचे भरलेले अंग म्हणजे घराचे भाग्य वाटणे स्वाभाविक आहे. बाळसे धरणे, खात्यापित्या घरचा असणे, दृष्ट लागण्याजोगा असणे हे आपल्या भाषेतील कौतुकाचे शब्द त्याच टंचाईच्या काळाचे वारस आहेत. ज्या काळात कृशता म्हणजे धोका होता, त्या काळाचे शहाणपण आपल्या हातात अजून टिकून आहे आणि ते दर जेवणाला एक पोळी जास्त वाढते.

धोका आजही एकाच बाजूला नाही. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वर्षे वयोगटातील सुमारे २४ टक्के मुले-मुली वयाच्या मानाने कृश आढळली, तर सुमारे ५ टक्के अतिवजनाची. पाच वर्षांखालील बालकांमधील अतिवजनाचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झाले. म्हणजे एकाच गल्लीत एका घरी उपासमारीची आणि दुसऱ्या घरी स्थूलतेची चिंता असू शकते. आपल्या घरची चिंता कोणती, हे जुन्या आठवणींवरून न ठरवता मुलाची उंची, वजन आणि वय यांचा तक्ता पाहून बालरोगतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी २०१५ मध्ये असे तक्ते प्रसिद्ध केले आहेत.

दोष कोणाचा, हा प्रश्न

स्थूल मुलाकडे पाहणाऱ्याच्या मनात एक निवाडा आधीच तयार असतो, की हा खादाड आहे, आळशी आहे, याला जिभेवर ताबा नाही. मुलाने हा निवाडा इतक्यांदा ऐकलेला असतो, की तो त्याला स्वतःलाही पटू लागतो. विज्ञान मात्र वेगळी गोष्ट सांगते. डेन्मार्कमध्ये लहानपणी दत्तक गेलेल्या ५४० प्रौढ व्यक्तींचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या देहयष्टीचे नाते जन्मदात्या आई-वडिलांच्या देहयष्टीशी जुळत होते. ज्यांच्या घरी ती वाढली, ज्यांच्या हातचे अन्न खाल्ले, त्या दत्तक आई-वडिलांशी ते तसे जुळत नव्हते. पुढे १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन या संप्रेरकाच्या जनुकाचा शोध लागला. शरीरातील चरबीच मेंदूला साठ्याची वार्ता पाठवते आणि भूक त्यानुसार कमी-अधिक होते, हे त्यातून स्पष्ट झाले. भूक ही केवळ इच्छाशक्तीची परीक्षा नाही. ती काही जणांत उपजतच अधिक प्रखर असते.

आपल्या पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही देहवस्तुमान निर्देशांक, म्हणजे आपण ज्याला बीएमआय म्हणतो तो, सारखाच होता, २२.३. पण डॉ. युडकिन यांच्या शरीरातील चरबी ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिक यांच्या शरीरातील २१.२ टक्के होती. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय शरीरातही चरबीचे प्रमाण जास्त असू शकते, हे त्या छायाचित्राने जगाला सांगितले. म्हणून घरातील एक नातवंड काटकुळे आणि दुसरे जाड असेल, तर एकाला निरोगी आणि दुसऱ्याला रोगी ठरवण्याची घाई करू नये. दोन भावंडांची तुलना करून तर मुळीच बोलू नये.

आनुवंशिकता आहे म्हणून प्रयत्न व्यर्थ, असा याचा अर्थ नाही. खाणे, हालचाल आणि झोप यांत बदल केल्याने प्रकृती सुधारतेच. पण हे बदल शिक्षा म्हणून लादायचे की मदत म्हणून देऊ करायचे, हे आपण त्या मुलाला दोषी मानतो की नाही यावर ठरते.

येथे एक लहानसे, पण घरोघरी आढळणारे उदाहरण देतो. काही मुलांच्या मानेच्या मागे आणि काखेत कातडी काळपट व जाडसर होते. घरात त्याला मळ समजतात. आजी डाळीचे पीठ लावून मान घासते, आई 'नीट आंघोळ करत जा' म्हणून रागावते आणि वर्गातील मुले चिडवतात. प्रत्यक्षात तो मळ नसतो. शरीराची इन्शुलिनला मिळणारी साथ कमी झाल्याची ती बहुधा खूण असते आणि घासल्याने ती जात नाही, उलट कातडी सोलवटते. अशा मुलाला डॉक्टरांकडे नेऊन रक्तातील साखर तपासून घ्यावी. आणि त्याला आवर्जून सांगावे, "हा मळ नाही. तू अस्वच्छ नाहीस." एवढ्या वाक्याने काही मुले कित्येक महिन्यांनी मोकळा श्वास घेतात.

चिडवणे हे औषध नव्हे

'चारचौघांत बोलले म्हणजे लाज वाटून तरी सुधारेल' अशी एक समजूत आपल्याकडे दृढ आहे. अनुभव आणि संशोधन दोन्ही तिच्या विरुद्ध आहेत. वजनावरून चिडवली जाणारी मुले व्यायामाच्या तासाला, मैदानावर आणि पोहण्याच्या तलावावर जाण्याचे टाळतात. कारण तेथेच त्यांचे शरीर सर्वांत अधिक दिसते. त्यांच्यात उदासीनता, एकटेपणा आणि अनिर्बंध खाण्याचे प्रमाण अधिक आढळते, आणि काळाच्या ओघात वजनही वाढत जाते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये या विषयावर स्वतंत्र निवेदन काढून डॉक्टरांनाही बजावले, की मुलाला त्याच्या आजाराच्या नावाने संबोधू नका. 'जाड मुलगा' आणि 'ज्याचे वजन वाढले आहे असा मुलगा' यांत मराठीतही अंतर आहे. पहिल्यात मुलगा संपतो आणि जाडी उरते.

घरातील लाडाची नावेही एकदा तपासून पाहावीत. ढब्बू, भोपळा, हत्तीचे पिल्लू ही नावे तिसऱ्या वर्षी गोड असतात, तेराव्या वर्षी बोचतात. मूल त्यावर हसते म्हणून त्याला चालते, असे समजू नये. हसणे हा त्याचा बचाव असतो.

सुट्टी नसलेला आजार

आता दीर्घकालीन आजारांकडे वळू. मुलांमध्ये आढळणारा मधुमेह बहुधा पहिल्या प्रकारचा असतो. आपल्यापैकी अनेकांना असलेल्या मधुमेहाहून तो निराळा आहे. त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींचा नाश करते. तो गोड खाल्ल्याने होत नाही, आईच्या लाडाने होत नाही, कुणाच्या नजरेने होत नाही. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला प्रथम इन्शुलिन टोचण्यात आले. त्यापूर्वी हा आजार झालेले मूल फार काळ जगत नसे. आज तीच मुले शिकतात, खेळतात, नोकरी करतात, संसार करतात. मात्र त्यासाठी दिवसातून अनेक वेळा साखर तपासणे, इन्शुलिन टोचून घेणे, खाण्याचा हिशेब ठेवणे हे सारे करावे लागते, आणि त्याला रविवार नसतो, दिवाळीची सुट्टी नसते.

या अखंड हिशेबाने मुले थकतात. शरीराने नव्हे, मनाने. चार-पाच वर्षे सारे नीट करणारी मुलगी पंधराव्या वर्षी एकाएकी तपासणी टाळू लागते आणि विचारले की खोटा आकडा सांगते. घरचे म्हणतात, बेजबाबदार झाली. पण आठवून पाहावे, आकडा चांगला आला की आपण 'शाबास' म्हणत होतो आणि वाईट आला की 'काय खाल्लेस?' असे दरडावत होतो. साखरेचा आकडा हा तिच्या वर्तणुकीचा गुण झाला. वाढते वय, पाळी, सर्दी-ताप, परीक्षेचा ताण यांनीही साखर वर-खाली होते, हे आपण विसरलो. गुणपत्रिका वाईट असली की मुले ती लपवितात, तसाच तिने आकडा लपविला. म्हणून आकडा ऐकून चेहऱ्यावर राग वा हर्ष न आणता 'बरे, आता काय करायचे?' एवढेच विचारण्याची सवय लावावी. ज्या घरात वाईट आकडा निर्भयपणे सांगता येतो, त्या घरात मूल अधिक सुरक्षित असते.

काही गोष्टी मात्र पक्क्या ठाऊक असाव्यात. साखर ७० च्या खाली गेली की घाम येतो, हात थरथरतात, मूल चिडचिड करते, असंबद्ध बोलते. हा उद्धटपणा नसतो. अशा वेळी ते शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठावे. दुसरी गोष्ट अशी, की कारल्याचा रस, काढा, भस्म वा कुणी सांगितलेला रामबाण उपाय यांच्या भरवशावर इन्शुलिन एक दिवसही बंद करू नये. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिन थांबले तर रक्तात आम्ले साठून जिवावर बेतते. निदानानंतरच्या काही महिन्यांत इन्शुलिनची गरज कधी कधी आपोआप कमी होते, आणि नेमका त्याच वेळी चालू असलेला उपाय यशस्वी झाल्याचा भास होतो. हा काळ तात्पुरता असतो. नातवंडासाठी काहीतरी करावे ही आपली तळमळ खरी आहे, पण ती येथे खर्च करू नये.

दम्याच्या मुलाला वर्गात पंप काढण्याची लाज वाटते, कारण घरीच 'याची सवय लागते' असे त्याने ऐकलेले असते. डॉक्टरांनी सांगितलेल्या औषधी पंपाचे व्यसन लागत नाही. फिट येणाऱ्या मुलाचा आजार नातेवाइकांपासून लपवला जातो, विशेषतः मुलगी असली तर. ज्या गोष्टीविषयी घर कुजबुजते, ती लाजिरवाणी आहे असे मूल आपोआप शिकते. आणि 'लग्न कसे जमणार' हा प्रश्न तर बारा-तेरा वर्षांच्या मुलीसमोर अनेकदा उच्चारला जातो. त्या वयात तिला सायकल, मैत्रिणी, चित्रकलेची परीक्षा यांची चिंता असावी. तिच्या भविष्यावर आपण तिच्यासमोर पडदा पाडू नये.

आपल्यापाशी असलेले भांडवल

आता एक सुखाची गोष्ट. घरातील तरुण, निरोगी माणसांना जे कळत नाही, ते आपल्याला कळते. रोज ठरल्या वेळी गोळी घेण्याचा कंटाळा, पंगतीत श्रीखंडाची वाटी पुढून सरकू देण्याचे दुःख, तपासणीच्या अहवालाची धास्ती, 'तुम्हाला हे चालत नाही ना' असे दहादा ऐकण्याचा वैताग हे सारे आपण जगत आहोत. नातवंड आणि आजोबा यांच्यात एका बाबतीत पिढीचे अंतर उरत नाही. दोघेही शरीराशी रोज वाटाघाटी करीत असतात. उपदेश न करता "मलाही आज फिरायला जायचा कंटाळा आला आहे, चल, कोपऱ्यापर्यंत तरी जाऊ" असे म्हणणारे आजोबा जे करू शकतात, ते महागडी व्यायामशाळा करू शकत नाही. आजोबांची रक्तदाबाची गोळी आणि नातवाचे इन्शुलिन एकाच वेळी, एकाच टेबलावर घेतले जावे. औषध ही त्या घरातील सामान्य गोष्ट होऊन जाते.

ऐकणे हेही आपल्याला इतरांहून बरे जमते, कारण आपल्यापाशी वेळ असतो. मूल म्हणाले, "माझ्या वर्गातले मला हत्ती म्हणतात," तर 'लक्ष देऊ नकोस' किंवा 'मग कमी खा' ही दोन्ही उत्तरे दार बंद करणारी आहेत. "असे म्हणाले? फार वाईट वाटले असेल तुला," एवढे म्हणून थांबावे. पुढचे ते स्वतःच सांगेल. सर्व ऐकून झाल्यावर "यात मी काय करू? शाळेत बोलू का?" असे विचारावे, आणि ते 'नको' म्हणाले तर परस्पर जाऊन बोलू नये, त्याचे म्हणणे आधी समजून घ्यावे. चिडवणे मारहाणीपर्यंत वा रोजच्या छळापर्यंत गेले असेल, तर मात्र त्याला सांगून, त्याच्या आई-वडिलांसह शाळेकडे जावेच.

एकट्याचे पथ्य नको

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिओनार्ड एपस्टीन यांनी स्थूल मुलांच्या कुटुंबांचा दहा वर्षे पाठपुरावा करून १९९० मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या कुटुंबांत मुलाबरोबर आई वा वडिलांच्याही सवयी बदलण्याकडे लक्ष दिले गेले, त्या मुलांचे यश अधिक टिकले. याचा घरगुती अर्थ सोपा आहे. एकाच्या ताटात भाकरी-पालेभाजी आणि बाकीच्यांच्या ताटात वडे, अशी पंगत मांडू नये. घरात जे शिजेल ते सर्वांसाठी. करंज्या-चकल्या दिवाळीत व्हाव्यात, मोदक चतुर्थीला व्हावेत आणि त्या मुलालाही सर्वांबरोबर, सर्वांइतक्याच सन्मानाने मिळावेत. मधुमेह असेल तर इन्शुलिनचा हिशेब डॉक्टरांकडून आधी समजून घ्यावा. सणाच्या दिवशी एकट्याला वगळल्याची आठवण फार वर्षे टिकते.

एली सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी मांडलेली एक विभागणी आजी-आजोबांनी लक्षात ठेवावी. काय वाढायचे, केव्हा आणि कोठे, हे मोठ्यांनी ठरवावे. त्यातले किती खायचे, हे मुलाने ठरवावे. म्हणजे फरसाणाचा डबा घरात आणायचा की नाही, हा आपला निर्णय. पण पोट भरले म्हणून मुलाने हात आखडला, तर 'माझी शपथ, एवढी एक' हे म्हणणे आपण सोडून द्यावे. रडणे थांबविण्यासाठी चॉकलेट आणि पास झाल्याबद्दल पिझ्झा ही बक्षिसेही हळूहळू बदलावीत. बक्षीस म्हणून पत्त्यांचा एक डाव, बागेतील फेरी, जुन्या काळची एखादी खरी गोष्ट चालते. इन्शुलिन घेणाऱ्या मुलाच्या खाण्याचे वेळापत्रक मात्र डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच ठेवावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे अंग हलवणारी क्रिया करावी. ती मैदानावरच झाली पाहिजे असे नाही. नाच, दोरीउड्या, घरातील झाडलोट, बाजारातून पिशवी आणणे हे सर्व त्यात मोजावे. झोपेकडेही पाहावे. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप आवश्यक असते. अपुऱ्या झोपेने भूकही वाढते आणि चिडचिडही. आणि वजनकाटा दिवाणखान्यात ठेवू नये. वजन किती वेळा पाहायचे, ते डॉक्टरांनी सांगावे आणि तो आकडा पाहुण्यांपर्यंत जाऊ नये.

केव्हा थांबून राहू नये

फुंकर पुरेशी नसते अशी वेळही येते. मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास राहिले, मित्रांना टाळू लागले, शाळेस जाण्याच्या वेळी रोज पोट दुखू लागले, झोप उडाली वा दिवसभर झोपू लागले, जेवणानंतर मुद्दाम उलटी करू लागले, वजन कमी व्हावे म्हणून इन्शुलिन टाळू लागले, अंगावर कापल्याच्या खुणा दिसल्या किंवा 'मी नसलेलेच बरे' असे शब्द तोंडून निघाले, तर ते नाटक समजू नये. मरणाचे विचार येतात का, हे शांतपणे, स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारले म्हणून मूल मोकळे होते. उत्तर होकारार्थी असेल तर त्याला एकटे सोडू नये, इन्शुलिन, गोळ्या आणि कीटकनाशके आपल्या ताब्यात ठेवावीत, आई-वडिलांना लगेच कळवावे आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

१० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. तो दिवसरात्र चालू असतो, विनामूल्य आहे आणि त्यावर मराठीतून बोलता येते. काळजी वाहणारे आजी-आजोबाही त्यावर सल्ला घेऊ शकतात. १० ते १९ वर्षांच्या मुलांसाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याअंतर्गत शासकीय रुग्णालयांत चालणारी समुपदेशन केंद्रे महाराष्ट्रात 'मैत्री' या नावाने ओळखली जातात.

समुपदेशकाकडे नेणे म्हणजे डोक्यावर परिणाम झाल्याची कबुली, ही जुनी भीती सोडावी. तेथे होते काय, तर मुलाशी एकांतात बोलणे. 'सगळे माझ्याकडेच पाहतात', 'मी कधीच बरा होणार नाही' अशी मनात घर केलेली वाक्ये बाहेर काढून ती खरोखर कितपत खरी आहेत हे त्याच्यासोबत तपासणे. चिडवणाऱ्याला काय उत्तर द्यावे, याची तालीम करणे. खावेसे वाटते तेव्हा ती भूक आहे, कंटाळा आहे की दुःख आहे, हे ओळखायला शिकविणे. परत आल्यावर 'काय विचारले? तू आमच्याविषयी काय सांगितलेस?' अशी चौकशी मात्र करू नये. ते बोलणे त्याचे आहे. "दमला असशील, चहा ठेवू का?" एवढे पुरे.

आणि वाचकहो, आपल्या स्वतःच्या मनाचाही विचार करावा. आजारी नातवंड सांभाळताना रात्रीची झोप हलकी होते, सुनेशी वा लेकीशी पथ्यावरून खटके उडतात, 'आमच्या घराण्यात असे कुणाला नव्हते' हा विचार पोखरतो. आठवड्यातून एकदा घरातील मोठ्यांनी, मूल समोर नसताना, एकत्र बसून एकच धोरण ठरवावे. आईने नाही म्हटलेले आजीने गुपचूप दिले, तर मुलाला खाऊ मिळतो, पण घरातील कुणाच्याच शब्दाचा आधार उरत नाही. आपल्यालाही एक संध्याकाळ कट्ट्यावर, भजनाला, मैत्रिणीकडे जाण्यासाठी राखून ठेवावी.

पुढील अंक हाती येईपर्यंत पंधरा दिवस आहेत. या पंधरा दिवसांत आपण एकच गोष्ट करून पाहावी. नातवंड शाळेतून आले की त्याच्या शरीराविषयी, वजनाविषयी, साखरेच्या आकड्याविषयी पहिल्या दहा मिनिटांत एक शब्दही काढू नये. दप्तर उतरवू द्यावे, हातपाय धुऊ द्यावेत, शेजारी बसावे आणि आज दिवस कसा गेला, एवढेच विचारावे. साखर तपासण्याची वेळ झालेली असेल, तर ती अर्थातच तपासावी. बाकी सारे दहा मिनिटे थांबू शकते.